गाडीतल्या जुन्या प्लेयरला घरी राइट केलेली सीडी चालेना

मंडळी, मेहुण्यांची जुनी गाडी घेतली. आतला प्लेयर कंपनीनंच बसवलेला, नुसतं सीडीचं तोंड. यूएसबी नाही, ऑक्स नाही. बदलून टाक म्हणू नका, तो डॅशबोर्डच्या साच्यातच आहे, काढला की भगदाड. आईला दर पौर्णिमेला सोलापूरहून अक्कलकोटला न्यायचं असतं आणि वाटेत अभंग पाहिजेत, तिची कानडी भजनंही.

आधी 118 एमपी३ गाणी सीडीवर टाकली. प्लेयर सीडी गिळतो, दोनदा कुरकुरतो, 'एरर' दाखवून बाहेर ढकलतो. विकतची सीडी मात्र बिनतक्रार वाजते.

मग विंडोज मीडिया प्लेयरमधून 'ऑडिओ सीडी' केली. 80 मिनिटांत 11च अभंग मावले, पण वाजले! दोन दिवसांनी आठव्यापासून टकटक सुरू. मधे ती दुपारभर डॅशबोर्डवर राहिली होती. आपल्याकडचा मे, स्टिअरिंगला हात लावता येत नाही. सीडी राइट करायचा स्पीड 52 होता. आता रीरायटेबल (पुसून परत लिहिता येणारी) सीडी घेऊ का?

प्रतिसाद:
रीरायटेबल नको. तिच्यावरून उजेड कमी परततो, जुन्या प्लेयरच्या लेन्सला ती बऱ्याचदा दिसतच नाही. साधी सीडी-आर, म्हणजे एकदाच लिहिता येणारी, घ्या. प्लेयरवर एमपी३ लिहिलेलं नसेल तर तो फक्त ऑडिओ सीडी वाचतो. ती मिनिटांवर भरते, एमबीवर नाही, म्हणून गाणी कमी मावतात.

टकटक शेवटच्या गाण्यांनाच का? सीडी आतून बाहेर वाचली जाते, म्हणजे ती गाणी कडेला आहेत. उन्हानं सीडी जरा वाकली की डगमग कडेलाच जास्त. त्यात 52 चा खरा वेगही कडेलाच गाठला जातो, तिथंच चुका होतात. 16 वर करा आणि शेवटी फायनलाइझ (सीडीवरचं लिखाण बंद करून ती पूर्ण करणं) होऊ द्या. वर कागदी लेबल चिकटवू नका, उन्हात सुटून आत अडकलं तर प्लेयरच उघडावा लागेल.

मूळ लेखक:
आभार दादा! नवीन सीडी-आर, 16 चा स्पीड. काल अक्कलकोटला जाताना अकराच्या अकरा वाजले, वळसंगच्या गतिरोधकावर एकदाच अडखळलं. सीडी आता पाकिटात घालून सीटखाली असते. येताना तेच अभंग परत लागले तशी आई म्हणाली, "माझी कानडी कुठंय?" दुसरी सीडी रविवारी करतो.