केबल काढण्याआधी
ओटीटी, म्हणजे नेटवरून मालिका-सिनेमे दाखवणारी ॲप, घेतलं की केबलचे पैसे वाचतात, असं बरेच जण म्हणतात. आमच्या नागपूरच्या महाल भागातल्या घरी तसं झालं नाही, भाऊ. आईला सात वाजता एक बटण दाबून मालिका हवी. प्रोफाइल निवडायचा तिला कंटाळा. आणि क्रिकेट! मोबाइलवर बॉलर अजून धावतोय, तोवर शेजारच्या केबलवाल्यांकडून ‘गेला रे!’ ऐकू येतं. नेटवर व्हिडिओ तुकड्यातुकड्यांनी साठवून दाखवतात, म्हणून तो मागे राहतो.

२०१९ पासून ट्राय या सरकारी नियामक संस्थेच्या नियमाने केबलवर हवे ते चॅनेल निवडता येतात. म्हणून केबलच काढण्याआधी नको ते पे, म्हणजे पैसे मोजावे लागणारे, चॅनेल काढा. नुसतं सह्याद्री नि बातम्या बघणाऱ्यांना दूरदर्शनची डीडी फ्री डिश पुरते, महिन्याचं भाडंच नाही. फक्त मे महिन्यातल्या वादळात डिशची छत्री फिरली, तर तापलेल्या गच्चीवर तुम्हालाच चढावं लागेल.