गुरुवारची मुलाखत आणि मामांचे पन्नास प्रश्न

आई: येत्या गुरुवारी धाकटीची अमेरिकेतल्या फार्म. डी.च्या, म्हणजे फार्मसिस्टच्या पदवीच्या, प्रवेशाची मुलाखत आहे, हे आपल्या घरच्या ग्रुपवर सर्वांना ठाऊक आहेच. काल मी सहज विचारले की, तुला डॉक्टर न होता फार्मसिस्ट का व्हायचे आहे, तर "मला औषधांमध्ये रस आहे" एवढे बोलून ती उठून गेली. तिथेही असेच उठून यायचे असेल, तर अर्ज भरण्यात इतके महिने कशाला घालवले, हे मी तिला विचारले नाही. इथे विचारते आहे.

मामा: अक्का, तू निष्कारण काळजी करतेस. मागच्या वर्षी मी परिश्रमपूर्वक तयार केलेली पन्नास प्रश्नांची यादी उत्तरांसह पुन्हा पाठवत आहे. रोज दहा उत्तरे पाठ केली, तर गुरुवारपूर्वी यादी संपते. क्रमांक ३ विशेष महत्त्वाचा आहे: पीकॅट या फार्मसीच्या प्रवेश परीक्षेत गुण कमी असल्यास काय सांगावे.

ताई: मामा, आपल्या कष्टांविषयी पूर्ण आदर ठेवून सांगते की, पीकॅट ही परीक्षाच जानेवारी २०२४ नंतर बंद झाली आहे. शिवाय बऱ्याच महाविद्यालयांत आता एमएमआय पद्धतीने, म्हणजे एकामागून एक छोट्या मुलाखतींच्या रूपात, मुलाखत घेतात. ही पद्धत कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात वैद्यकीय प्रवेशासाठी सुरू झाली आणि पुढे फार्मसीकडेही आली. समोर दिलेला प्रसंग वाचायला साधारण दोन मिनिटे मिळतात, मग आत जाऊन काही मिनिटे बोलायचे, घंटा झाली की पुढच्या खोलीत नवा परीक्षक. एखाद्या खोलीत तर परीक्षक नुसता पाहत असतो आणि समोर रागावलेल्या रुग्णाची भूमिका करणारा माणूस बसलेला असतो. त्याला पाठ केलेले उत्तर ऐकवून काय होणार?

मावशी: त्याला क्रमांक ३ चे उत्तर ऐकवावे. त्याचा राग जाऊन तो गोंधळात पडेल.

मामा: विनोद पोहोचला. एक प्रश्न कालबाह्य झाला म्हणून यादी कालबाह्य होत नाही. ज्यांनी वर उघडून पाहिली नसेल, त्यांच्यासाठी पुन्हा पाठवतो.

आत्या: वहिनी, मला विचारलेले नाही, तरी लिहिते, मागच्या वर्षीही विचारले नव्हते, तेव्हा गप्प राहिले होते. रुग्णालयाच्या औषध विभागात इतकी वर्षे काढल्यावर मला विचाराल, तर समोरच्या मुलीला किती औषधांची नावे येतात, हे मी पाहणारच नाही. ती नावे शिकवायला पुढची चार वर्षे आहेत. मी तिला एक प्रसंग देईन. संधिवाताच्या रुग्णाच्या चिठ्ठीवर मेथोट्रेक्सेट रोज एक गोळी असे लिहिले आहे. संधिवातासाठी हे औषध आठवड्यातून एकदाच देतात. रोज घेतले गेले तर अस्थिमज्जेचे काम मंदावते, आणि अशा चुकीने माणसे दगावलेली आहेत. एवढी माहिती कार्डावर लिहिलेली असेल. रुग्ण घाईत आहे आणि "डॉक्टरांनी लिहिले आहे ना, मग द्या" असे म्हणतो आहे. आता बोल.

मामा: यादीत क्रमांक २७ पाहावा. "मी नियमांचे पालन करीन आणि वरिष्ठांना कळवीन."

आत्या: आपले उत्तर चुकीचे नाही, पण त्यात रुग्ण कुठेच नाही. तो काउंटरसमोर उभाच आहे. त्याला काय सांगायचे, हाच तर प्रश्न आहे. गोळ्या हातात द्यायच्या नाहीत, स्वतःच्या मनाने चिठ्ठी बदलायची नाही, लिहिणाऱ्या डॉक्टरांना फोन करायचा, आणि हे सगळे चालू असताना डॉक्टरांवरचा त्या माणसाचा विश्वास उडेल असे एक वाक्यही तोंडून जाऊ द्यायचे नाही. शेवटी झालेले बोलणे नोंदवून ठेवायचे. मुले शेवटचे दोन भाग हमखास विसरतात. आणि आपला दोष सांगा म्हटले, की "मी अतिशय काटेकोर आहे, हाच माझा दोष" हे वाक्य तर कोणी उच्चारूच नये. ऐकणाऱ्याला ते पाठ असते.

मामा: हे वाक्य मागच्या वर्षी कोणी उच्चारले होते, हे आपल्याला माहीत असूनही आपण लिहिलेत, याची नोंद घेतली आहे.

आत्या: मी कोणाचेही नाव घेतलेले नाही.

आई: वन्सं, दादूस, कृपया मागच्या वर्षीचा विषय इथे नको. मुलगी वाचते आहे.

मोठे काका: मूळ विषयाकडे येऊ. काही ठिकाणी छोटे गणितही घालतात, असे ऐकून आहे. सोळा किलो वजनाच्या मुलाला दर किलोला १५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल द्यायचे आहे. बाटलीवर ५ मिलिलिटरमध्ये १६० मिलिग्रॅम असे लिहिले आहे. किती मिलिलिटर द्याल? उत्तर धाकटीने द्यावे, इतरांनी देऊ नये.

मामा: दीड मिलिलिटर.

मोठे काका: इतरांनी देऊ नये, असे लिहिले होते. २४० भागिले १६० म्हणजे दीड हे बरोबर आहे, पण ते पाच-पाच मिलिलिटरचे दीड माप झाले. मिलिलिटर साडेसात. आपण त्या मुलाला पाचवा हिस्सा औषध देऊन ताप उतरण्याची वाट पाहत बसला असता.

मावशी: वरिष्ठांना कळवावे. क्रमांक २७.

ताई: एक छोटी सूचना. अमेरिकेत पॅरासिटामॉलला अ‍ॅसिटामिनोफेन म्हणतात. तिथे तोच शब्द वापरावा.

मी: काका, उत्तर साडेसात हे मलाही आले होते, पण मी लिहिले नाही, कारण आधी दोन गोष्टी विचाराव्यात असे वाटले. मुलाला आधीचा डोस कधी दिला होता, आणि घरात सर्दीचे असे दुसरे एखादे औषध चालू आहे का, ज्यात हेच द्रव्य आहे?

आत्या: हेच तिथे असेच मोठ्याने बोल. आकडा नंतर सांगितलास तरी चालेल. बाटलीवरची तीव्रताही पाहून घेईन, असे जोड. अमेरिकेत २०११ च्या सुमारास उत्पादकांनी लहान मुलांच्या द्रव औषधाची एकच तीव्रता ठरवली. त्याआधी तान्ह्या मुलांचे थेंब बरेच तीव्र असत आणि मापात घोटाळे होत.

आई: एवढे सुचते, तर काल माझ्यासमोर का सुचले नाही?

मी: आई, तू विचारलेस, तेव्हा मला खरे कारण सांगायचे नव्हते. आजीला दोन वेगवेगळ्या डॉक्टरांनी दोन वेगवेगळ्या नावांच्या गोळ्या दिल्या होत्या, त्या दोन्ही एकच औषध होत्या, आणि ते काउंटरवरच्या बाईंच्या लक्षात आले. आजीसोबत मी होते आणि माझ्या लक्षात काहीही आले नव्हते. उलट त्या बाई फोन करत बसल्या, म्हणून उशीर होतो आहे, याचाच मला राग आला होता. तेव्हापासून हे डोक्यात आहे.

आई: हे तिथे सांगू नकोस. घरात कोणाचे लक्ष नसते, असे त्यांना वाटेल.

ताई: काकू, हेच सांगू द्या, रागासकट. काही ठिकाणी परीक्षकांपुढे गुणपत्रिकाही ठेवलेली नसते, म्हणजे तिची ओळख तिच्या बोलण्यातूनच होणार. फक्त गोष्ट दीड मिनिटात संपव, आणि त्यानंतर तू काय केलेस तेही सांग. त्यानंतर तू दवाखान्यात स्वयंसेवक म्हणून काम केलेस, ते अर्जात एका ओळीत दडले आहे. तुला काही विचारायचे आहे का, असे शेवटी विचारतील, तेव्हा त्यांच्या विद्यार्थ्यांचा नॅप्लेक्स या फार्मसिस्टच्या परवाना परीक्षेचा निकाल आणि शेवटच्या वर्षीच्या प्रत्यक्ष कामाच्या जागा यांविषयी विचार. संकेतस्थळावर आधी पाहून जा, नाहीतर तिथेच लिहिले आहे असे उत्तर मिळेल.

आत्या: रविवारी सकाळी सराव घेऊ. मी परीक्षक होते. रागावलेला रुग्ण कोण होणार?

मावशी: मामांनी व्हावे. त्यांना वेगळी तयारी करावी लागणार नाही.

मामा: मी येईन. पण मला दिलेली चिठ्ठी आधी वाचायला मिळावी, आणि ती मेथोट्रेक्सेटची असल्यास मी काउंटरवरून हलणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो.

आत्या: आपण हलू नये, हेच अपेक्षित आहे.

मामा: सुधारित यादी पाठवत आहे. क्रमांक ३ काढला आहे. क्रमांक २७ मध्ये रुग्ण घातला आहे.