मदत हवी आहे: ‘अ‍ॅम्बर’ आणि ‘अंबरग्रीस’ यांना मराठीत वेगवेगळे शब्द कोणते वापरावेत?

नमस्कार.

सोळाव्या-सतराव्या शतकांतल्या युरोपातील सुगंधी हातमोज्यांवरील एका इंग्रजी लेखाचा मी सध्या मराठी अनुवाद करत आहे. कमावलेल्या कातड्याचा वास झाकण्यासाठी त्या काळी हातमोज्यांना कस्तुरी, जवादी अशा द्रव्यांचे पूट देत असत. त्यातील एका कृतीत ‘अ‍ॅम्बर’ गुलाबपाण्यात खलून घ्यावा असे आले आणि मी फार विचार न करता तेथे ‘तृणमणी’ लिहून मोकळा झालो. खर्डा माझ्या मोठ्या बहिणीने वाचला. तिच्याकडे तृणमण्यांची एक जुनी माळ आहे. त्यातला मणी लोकरीच्या शालीवर चार वेळा घासून कागदाच्या कपट्यांवर धरला की कपटे उडून त्याला चिकटतात, हा आमच्या लहानपणचा खेळ. तिने समासात पेन्सिलीने एवढेच लिहिले: “आपल्या माळेतला मणी गुलाबपाण्यात खलून पाहिलास का? आणि त्याला वास कसला?”

शंका रास्त होती. त्या कृतीतला अ‍ॅम्बर हा मणी नव्हेच, तो अंबरग्रीस आहे. स्पर्म व्हेल या देवमाशाच्या आतड्यात, त्याने खाल्लेल्या माकुळांच्या न पचलेल्या चोचींभोवती तयार होणारा, पुढे समुद्रावर तरंगत किनाऱ्याला लागणारा, मेणासारखा राखाडी पदार्थ. तृणमणी म्हणजे मात्र कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या झाडांची दगड झालेली राळ. एक प्राण्याचा, दुसरा झाडाचा. तरीही दोघांना एकच नाव कसे पडले, हे शोधताना युरोपीय भाषांतील शब्दांची जी टिपणे जमली ती पुढे देतो, कारण माझी अडचण त्यांच्यावाचून नीट कळणार नाही.

मूळ शब्द अरबी ‘अंबर’, आणि त्याचा अर्थ अंबरग्रीस. व्यापाराबरोबर तो मध्ययुगीन लॅटिनमध्ये ‘अंब्रा’ किंवा ‘अंबर’ आणि फ्रेंचमध्ये ‘आंब्र’ झाला, आणि तेथून इंग्रजीत गेला. इंग्रजीतही तो प्रथम सुगंधी द्रव्याचाच वाचक होता. दोन्ही वस्तू समुद्रकिनाऱ्यावर सापडतात, दोन्ही महाग आणि दोन्ही तापवल्या की दरवळतात, म्हणून रोमान्स, म्हणजे लॅटिनपासून निघालेल्या, भाषांत हेच नाव राळेलाही लागले असे कोशकार सांगतात. मग घोटाळा निस्तरण्यासाठी फ्रेंचांनी रंगाचा आधार घेतला: ‘आंब्र ग्री’ म्हणजे राखाडी आंब्र, ‘आंब्र जोन’ म्हणजे पिवळा आंब्र. इटालियनमध्ये ‘आंब्रा ग्रिजा’ आणि स्पॅनिशमध्ये ‘आंबार ग्रीस’ ही याच घडणीची नावे आहेत. इंग्रजांनी फ्रेंच जोडशब्द अखंड उचलला, पण ‘ग्री’चा अर्थ न कळल्याने त्यातल्या अनेकांनी तो ‘अ‍ॅम्बरग्रीज’, म्हणजे अ‍ॅम्बरचे वंगण, अशा वर्णलेखनानेही लिहिला. पदार्थ मेणचट असल्यामुळे ही चूक पटण्यासारखी होती, हे त्यांच्या बाजूने म्हणायला हवे.

जुना अर्थ काही इंग्रजी शब्दांत अजून तग धरून आहे. ‘पोमँडर’ म्हणजे रोगराईत नाकाशी धरायची सुगंधी गोळी. हा शब्द जुन्या फ्रेंचमधल्या ‘पोम दांब्र’ म्हणजे ‘अंबराचे सफरचंद’ यावरून आला, आणि त्यातला अंबर देवमाशाचा आहे. ज्या झाडांपासून शिलारस मिळतो त्यांच्या शास्त्रीय नावात, ‘लिक्विडांबर’मध्ये, हाच सुगंधाचा अंबर पातळ होऊन बसला आहे.

पण युरोपातल्या सगळ्याच भाषा या गोंधळात सापडल्या नाहीत, आणि मला सर्वात रस वाटला तो येथे. जिथे राळ पिढ्यान्‌पिढ्या किनाऱ्यावर वेचली जात होती, म्हणजे बाल्टिक आणि उत्तर समुद्राच्या काठी, तिथे तिला घरचे नाव आधीपासून होते. त्यामुळे परका ‘अंब्रा’ आला तो देवमाशाच्या द्रव्यापुरताच राहिला. जर्मनमध्ये राळ ‘बेर्नश्टाइन’, म्हणजे जळणारा दगड, आणि अंबरग्रीस ‘अंब्रा’. स्वीडिशमध्ये ‘बेर्नस्टेन’ आणि ‘अंब्रा’. डॅनिश आणि नॉर्वेजियन भाषांत राळेला ‘राव’ म्हणतात. फिनिश भाषेतले ‘मेरिपिह्का’ आणि एस्टोनियनमधले ‘मेरेवाइक’ या दोन्ही शब्दांचा सरळ अर्थ ‘समुद्राची राळ’ असा होतो. वस्तू काय आहे आणि कुठे मिळते, दोन्ही एका शब्दात सांगून टाकणारी ही नावे मला सर्वांत प्रामाणिक वाटतात. लिथुआनियनमध्ये ‘गिंतारास’, लाटव्हियनमध्ये ‘जिंतार्स’, आणि बाल्टिक भाषांकडून रशियनने घेतलेला ‘यांतार’ पुढे इतर स्लाव भाषांतही पोचला. पोलिश लोकांनी मात्र बाल्टिक किनारा असूनही जर्मन शब्द घेऊन त्याचा ‘बुर्श्टिन’ केला. प्रशियाच्या किनाऱ्यावरच्या राळेचा मक्ता ट्यूटॉनिक सरदारांच्या जर्मन संघाकडे होता आणि कोळ्यांना सापडलेला तुकडा स्वतःकडे ठेवण्याची मुभा नव्हती, हे लक्षात घेतले तर व्यापाराच्या जोडीने शब्दही त्यांचाच रुजला याचे नवल वाटत नाही. हंगेरियन ‘बोरोश्त्यान’ त्याच जर्मन शब्दापासून आला, पण तेथे त्याच शब्दाने आयव्हीची वेलही ओळखली जाते, म्हणजे एक घोटाळा टळला तर दुसरा उभा.

रोमन काळातही हाच प्रकार होता. लॅटिनमध्ये राळेला ‘सुकिनुम’ म्हणत, ‘सुकुस’ म्हणजे रस यावरून, कारण ती झाडाचा रस आहे हे त्यांना ठाऊक होते. रोमन इतिहासकार टॅसिटसने इ. स. ९८च्या सुमारास लिहिलेल्या ‘जर्मानिया’त बाल्टिककाठचे लोक तिला ‘ग्लेसुम’ म्हणतात आणि तिची किंमत हाती पडली की चकित होतात, अशी नोंद आहे.

घासल्यावर कपटे ओढून घेण्याच्या गुणावरून पडलेल्या नावांची एक निराळीच शाखा आहे. फारसी ‘काहरुबा’ म्हणजे गवताची काडी ओढणारा. तुर्कीतून तो बाल्कन प्रदेशात गेला आणि बल्गेरियन ‘केह्लिबार’, रुमानियन ‘किह्लिम्बार’, आधुनिक ग्रीक ‘केह्रिंबारी’ झाला. राळेच्या जुन्या ग्रीक नावावरून, ‘एलेक्ट्रॉन’वरून, इंग्रज वैद्य विल्यम गिल्बर्टने १६०० साली या आकर्षणाला नाव दिले आणि त्यातून ‘इलेक्ट्रिसिटी’ हा शब्द निघाला. तिकडे अरबीत फारसी काहरुबाचाच ‘कहरबा’ होऊन त्याचा अर्थ वीज झाला. वेल्श भाषेतही ‘ग्वेव्हर’ म्हणजे राळ, आणि त्यावरून झालेल्या क्रियापदाचा आजचा अर्थ बॅटरी चार्ज करणे असा आहे. आपला ‘तृणमणी’ याच कुळातला: तृण म्हणजे गवत, आणि ते ओढणारा मणी. काहरुबा आणि तृणमणी यांत कल्पना तंतोतंत एकच असल्यामुळे राळेसाठी हा शब्द मला सोडवत नाही.

आता अडचण. अंबरग्रीससाठी मराठीत काय लिहावे? सरळ ‘अंबर’ लिहिले तर तो मूळ अरबी अर्थाला धरून होईल आणि आपल्याकडे अपरिचितही नाही. मलिक अंबरच्या नावातला अंबर हाच आहे. तो गुलाम म्हणून विकला गेल्यानंतर त्याला हे नाव मिळाले, आणि गुलामांना सुगंधी द्रव्यांची, रत्नांची नावे देण्याची तेव्हा रीतच होती. गोव्यात १५६३ साली छापलेल्या गार्सिया द ओर्ताच्या औषधी द्रव्यांवरील पोर्तुगीज संवादग्रंथातला तिसरा संवाद ‘आंब्र’वर आहे, आणि त्यातही चर्चा सुगंधी अंबराचीच आहे. पण आजचा वाचक ‘अंबर’ म्हटल्यावर आकाश किंवा वस्त्र समजतो. ‘पीतांबर’ आणि ‘दिगंबर’ यांच्या सवयीपुढे एका विस्मृतीत गेलेल्या सुगंधाचा निभाव लागणे कठीण आहे. वर्तमानपत्रांतले ‘व्हेल माशाची उलटी’ हे वर्णन कोकणातल्या तस्करीच्या बातम्यांमुळे सर्वांना ठाऊक आहे, परंतु ते शास्त्रीयदृष्ट्या ढोबळ आहे, आणि राजघराण्यातल्या स्त्रियांच्या हातमोज्यांना ‘उलटी’चे पूट दिले असे लिहिण्यास माझा हात धजत नाही.

त्यात आणखी एक गुंता असा, की लेखाच्या अखेरच्या भागात आजच्या अत्तरांमधला ‘अ‍ॅम्बर’ येतो, आणि तो या दोघांपैकी एकही नाही. लॅब्डानम (एका झुडपाची सुगंधी राळ), बेंझोइन (धुपासाठी जाळतात तो ऊद) आणि व्हॅनिला यांच्या मेळातून साधलेल्या उबदार, गोडसर गंधाला सुगंधी व्यवसायात अ‍ॅम्बर म्हणतात. म्हणजे एका लेखात एकाच इंग्रजी शब्दासाठी मला मराठीत तीन शब्द हवे आहेत.

माझा सध्याचा बेत असा: राळेसाठी ‘तृणमणी’, देवमाशाच्या द्रव्यासाठी पहिल्या उल्लेखात ‘अंबर (देवमाशापासून मिळणारे सुगंधी द्रव्य)’ आणि पुढे नुसते ‘अंबर’, आणि आधुनिक गंधासाठी ‘अ‍ॅम्बर’ तसाच. पण ‘अंबर’ आणि ‘अ‍ॅम्बर’ यांतला फरक छपाईत एका चंद्रकोरीवर अवलंबून राहील, आणि मुद्रितशोधकाने ती एका जागी जरी ‘दुरुस्त’ केली तरी सारा खटाटोप वाया जाईल.

म्हणून जाणकारांना विनंती अशी. अत्तरांच्या व्यवसायात असलेल्यांनी कृपया सांगावे, की दुकानात गिऱ्हाईक ‘अंबर’ मागते तेव्हा आपण त्याला नेमके काय दाखवता आणि तिन्ही वस्तू वेगळ्या करायच्या झाल्या तर आपापसात कोणते शब्द वापरता. कोकण किनाऱ्यावरच्या मंडळींकडून हे हवे आहे, की आपल्या घरी वडीलधारी माणसे किनाऱ्याला लागणाऱ्या त्या गोळ्याला बातम्यांतल्या ‘उलटी’खेरीज दुसरे काही म्हणत असत का. आणि अनुवाद करणाऱ्यांनी हे सुचवावे, की ‘अंबर’ला धोका वाटत असेल तर ‘राखी अंबर’ असा फ्रेंचांच्या वळणाचा जोडशब्द मराठीत कानाला खटकतो, की चालून जाईल? खर्डा पुढच्या आठवड्यात संपादकांकडे द्यायचा आहे, आणि बहिणीची पेन्सिल अजून टेबलावरच आहे.