पट्टी, चिंधी, फडकं, कट्टु... तुमच्या घरात काय म्हणतात?

परवा आईच्या पायाला विळी लागली. मी फोनवर भावाला सांगितलं की ड्रेसिंग केलंय, तर आई मागनं ओरडली "ड्रेसिंग कसलं, फडकं गुंडाळलंय म्हण की", आणि तेवढ्यात शेजारच्या कन्नड अक्का दारातनं विचारतात "पट्टी कट्टीरेन?", म्हणजे पट्टी बांधलीत काय? एकच पाय आणि शब्द तीन! तेव्हापासनं डोक्यात हेच चाललंय. आपल्या बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागात जखमेवर जे बांधतात त्याला कोण काय म्हणतं, कुठला शब्द आजीचा, कुठला डॉक्टरचा, आणि त्यावरनं कधी घोटाळा झाला असेल तर तोही लिहा. मला मनापासनं गोळा करायचंय हे.
(टिळकवाडी)

वडगावहून
आमच्यात चिंधीच. घरात माग होता, धोटा उडून बोटाला लागणं रोजचं. आजी जुन्या सुती लुगड्याच्या चार बोटं रुंदीच्या चिंध्या फाडून, उकळून, उन्हात कडक वाळवून बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायची. कात्री नाही लावायची, दातानं टोक तोडून टर्रकन फाडायची. नवं कापड चालत नसे, त्याला खळ असते आणि पाणी शोषत नाही म्हणे. बोटाला चिंधी गुंडाळताना ती दरवेळी कृष्णाचं बोट कापलं तेव्हा द्रौपदीनं शालू कसा फाडला ते सांगायची, आणि गोष्ट संपेपर्यंत गाठ मारून झालेली असायची. आता पोरं 'चिंधी' म्हटलं की हलकी वस्तू समजतात, मला वाईट वाटतं त्याचं.

खानापूर भागातनं
माझा घोटाळा सांगतो. लग्नानंतर बायकोला घेऊन एका दवाखान्यात गेलो, ती कोकणातली, कन्नड एक अक्षर नाही. हातावर गरम तेल उडालेलं. तिथल्या बाई पट्टी बांधता बांधता म्हणाल्या "गाय मायाक टैम बेकरी." बाहेर आल्यावर ही मला विचारते, त्या गाईचं आणि आईचं काय म्हणत होत्या? कन्नडमध्ये गाय म्हणजे जखम हो, आपला घाव-घाय तोच, आणि मायणं म्हणजे भरून येणं. जखम भरायला वेळ लागेल एवढंच सांगत होत्या बिचाऱ्या. आणि गंमत बघा, आपला 'जखम' शब्द कन्नड पेपरात गाडीला लावतात, बस 'जखं' झाली म्हणजे बस ठोकली, माणसं सुखरूप असतील तरी! आमच्याकडं आता मुलगी पडली की बायकोच विचारते, गाय मायली काय गं?

निपाणीहून
आमच्याकडं शेतात कापलं की तंबाखू चुरून दाबायची आणि वर टॉवेलचा तुकडा, त्याला 'बांधून टाकणे' एवढंच म्हणायचे, पट्टी वगैरे नाही. मी पण केलंय. नका करू कुणी.

कंग्राळीकडनं
आम्हा भाजीपाला लावणाऱ्यांना पट्टी म्हणजे आधी मार्केटातली पट्टी, माल विकून वजन, दर, हमाली वजा करून अडत्या देतो तो कागुद. पोरगा पहिल्यांदा कोबी घेऊन गेला आणि फोनवर आईला म्हणाला "पट्टी झाली, येतोय." गाडीवरनं गेलेला, ती माऊली रडायलाच लागली की कुठं पडला आणि किती लागलं. वर ग्रामपंचायतीची घरपट्टी, पाणीपट्टी आहेच, आणि कन्नडमध्ये तर पट्टी म्हणजे यादीसुद्धा.

मेडिकल दुकानातनं
कुणी नुसती पट्टी मागितली की मी विचारतो, गुंडाळायची की चिकटायची? गुंडाळायची म्हणजे गॉज (जाळीदार सुती कापड) नाहीतर ताणणारं क्रेप बँडेज, चिकटायची म्हणजे बँडेड. कंपनी कुठलीही असो, गिऱ्हाईक बँडेडच म्हणणार नाहीतर हँडीप्लास्ट. ते बँडेड पण घरातनंच आलंय बरं का. 1920 साली अमेरिकेत अर्ल डिक्सन नावाच्या माणसानं बायकोची बोटं स्वयंपाकात सारखी कापायची, भाजायची म्हणून चिकटपट्टीवर गॉजचे तुकडे लावून ठेवले, म्हणजे तिला एकटीला लावता यावं.

आयुर्वेद शिकतेय, बेळगाव
सुश्रुतसंहितेत व्रण, म्हणजे जखम, बांधायचे 14 प्रकार दिलेत, त्यांना 'बंध' म्हणतात. बोटाच्या पेराला कोश, सांध्याला स्वस्तिक, हनुवटी-नाकाला गोफणा. वर्गात 'गोफणा' ऐकल्यावर मला एकदम आमच्या मामाच्या जोंधळ्यातली पाखरं हाकायची गोफण दिसली, मधी रुंद आणि दोन बाजूंना दोऱ्या, बांधतात पण अगदी तसंच. तेव्हापासनं चौदाच्या चौदा पाठ झाले.

चिकोडी तालुक्यातनं, नर्स आहे
मला 'ड्रेसिंग' शब्दाबद्दल बोलायचंय. एका आजोबांना पायाला कोयता लागलेला, ऊसतोडीत. मी सांगितलं "दोन दिवसांनी ड्रेसिंग बदलायला या." आले ते आठव्या दिवशी, धुतलेला सदरा, नवी टोपी घालून, आणि पायाला तीच पट्टी, ओली, काळी पडलेली, वास येणारी. खालची जखम चिघळलेली, पू झालेला. ते म्हणाले, ड्रेस बदलून आलोय की बाई. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. चूक माझी होती. तेव्हापासनं मी ड्रेसिंग म्हणत नाही, 'हे फडकं काढून दुसरं बांधायचंय, परवा, या वेळेला' असं म्हणते, कन्नड माणसाला "पट्टी" म्हणते आणि बोट ठेवून दाखवते. भिजली तर लगेच या, ठसठस वाढली तर या, हे पण. आणि मातीत, गंजक्या लोखंडानं लागलं असेल तर टीटीचं इंजेक्शन विचारा, धनुर्वात पट्टीनं थांबत नाही.

जांबोटीकडनं
आमच्यात हात मोडला की हाड बसवणाऱ्याकडं. ते बांबूच्या कामट्या लावून वर कापड आवळतात, कन्नड लोक त्याला नुसतं 'कट्टु' म्हणतात. मी नववीत होतो. रात्री हात जड झाला, बोटं सुजली, मी म्हणतोय दुखूलालंय आणि घरचे म्हणतात कट्टु घट्टच पाहिजे, सैल केला तर हाड सरकतं. पहाटे आईनं कंदील जवळ आणून बघितलं, नखं निळी! तिनं कुणाला विचारलं नाही, विळीनं वरचं कापड कापलं. हाताला मुंग्या आल्या त्या आठवल्या तरी आज अंगावर काटा येतो. सकाळी बेळगावला नेलं, डॉक्टर म्हणाले आणखी उशीर झाला असता तर बोटं गेली असती. प्लास्टर घालताना त्यांनी आईलाच शिकवलं, नख दाबायचं, पांढरं होतं, सोडल्यावर लगेच गुलाबी झालं पाहिजे, नाही झालं तर तसंच उठून यायचं. सहा आठवडे आई रोज रात्री माझी पाचही नखं दाबून बघायची. तिच्या तोंडात प्लास्टर कधी आलं नाही, शेवटपर्यंत 'पोराचा कट्टु'.