पोरांची घरघर: दोष घराचा की डंपिंगचा?

तळमजला: मुंबईत गोवंडीला पुनर्वसनाच्या इमारतीत खालीच राहते. 225 चौरस फूट, एक खिडकी, समोर तीन मीटरवर दुसरी इमारत. भर दुपारी ट्यूबलाइट लावते. पावसाळाभर भिंतीला ओल, कपाटामागे काळी बुरशी. चार वर्षांच्या मुलाला वाफ द्यायला महिन्यातून दोनदा नेते. गावी आईकडे महिनाभर राहिला की औषधाविना बरा. माझ्या मते दुखणं या घराचं आहे.

देवनारकर: ताई, घराला धरलंत तर खरा दोषी सुटतो. जवळचं देवनारचं डंपिंग, म्हणजे शहराचा कचरा टाकायची जागा, 1927 पासूनचं. जानेवारी 2016 मध्ये तिथे आग लागली तेव्हा पालिकेला आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. गावी बरा होतो तो तिथल्या मोकळ्या हवेमुळे. खिडकी मोठी केलीत तर धूरच जास्त येईल.

तळमजला: धूर आहेच, नाही कोण म्हणतं? पण 2018 मध्ये ‘डॉक्टर्स फॉर यू’ ही संस्था आणि आयआयटी मुंबईच्या लोकांनी लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड आणि पीएमजीपी कॉलनी या वसाहतींचा अभ्यास केला. तिन्ही पालिकेच्या एम पूर्व विभागातल्याच, जिथे देवनारचं डंपिंगही आहे. पहिल्या दोन ठिकाणी इमारती खेटून, ऊन-वारा कमी. तिथेच क्षयरोग पीएमजीपीपेक्षा कितीतरी जास्त. नुसत्या डंपिंगने हा फरक कसा पडेल?

माहेर_मानखुर्द: मला दोघांचंही पटत नाही. आम्ही पत्र्याच्या झोपडीत, रॉकेलच्या स्टोव्हच्या धुरात वाढलो. आता गॅस आला, तरी दार लावून रात्रभर डासांची कॉईल जळते, बापाची विडी चालूच. 2003 च्या एका अभ्यासात एका कॉईलमधून 75 ते 137 सिगारेटींइतके सूक्ष्म कण निघाल्याचं दिसलं. ते तरी बंद करणं आपल्या हातात आहे ना?

तळमजला: विडीचं मान्य, त्यावरून घरात रोज भांडते. कॉईल मात्र हौसेने लावत नाही हो. खिडकीबाहेरच्या गल्लीत वरच्या मजल्यांवरून कचरा पडतो. खिडकी उघडली की घाण, घुशी, डास. बंद केली की फोडणीचा धूर आतच. सांगा, काय निवडू?

देवनारकर: गल्लीचं माहीत नव्हतं. तरी डंपिंगची मागणी मी सोडणार नाही.

तळमजला: सोडू नका. पण रविवारी सोसायटीची सभा आहे. त्या गल्लीची सफाई आणि वरच्या खिडक्यांना जाळ्या, एवढा ठराव मांडतेय. सही करायला या.