आयटूसी सेन्सर शिकवताना आधी कमांड की आधी कोड?

सावदा_वर्कशॉप

नमस्कार मंडळी. केळी पिकवण्याच्या चेंबरसाठी तापमान आणि आर्द्रता दाखवणाऱ्या पेट्या मी बनवतो. त्यातले सेन्सर आयटूसीवर, म्हणजे दोन तारांवर अनेक चिप जोडणाऱ्या बसवर असतात. चेंबरमध्ये १६ ते १८ अंश आणि ९० टक्क्यांच्या आसपास दमटपणा लागतो. हवा कोरडी पडली की घडाचं वजन घटतं, साल सुरकुतते आणि व्यापारी भाव पाडतो. आर्द्रतेचा आकडा चुकला तर माझी पेटी काही कामाची नाही.

माझ्याकडे शिकायला येणाऱ्या डिप्लोमाच्या एका मुलाच्या पेटीत तापमान बरोबर दिसायचं, आर्द्रता मात्र कायम शून्य. सेन्सर बीएमई२८० (तापमान, आर्द्रता आणि दाब मोजणारी चिप) म्हणून घेतलेला. दोन दिवस तो लायब्रऱ्या (सेन्सर वाचायचा तयार कोड) बदलत बसला. एक म्हणते सेन्सरच सापडत नाही, दुसरी शून्य देते. तिसऱ्या दिवशी मी रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाला कीबोर्ड लावला आणि दोन ओळी टाइप केल्या. बसवर कोण हजर आहे ते सांगणाऱ्या आयटूसी-डिटेक्ट कमांडने बस १ वर ७६ हा पत्ता दाखवला, म्हणजे वायरी ठीक. मग आयटूसी-गेटने त्या पत्त्यावरचं डी० रजिस्टर, म्हणजे चिपची ओळख ठेवलेला कप्पा, वाचलं. खरा बीएमई२८० तिथे ६० सांगतो. आलं ५८. (पत्ते आणि रजिस्टरचे सगळे आकडे हेक्समधले, म्हणजे सोळाच्या पायातले.) ५८ म्हणजे बीएमपी२८०. तो दाब आणि तापमान मोजतो, आर्द्रता मोजायची सोयच त्यात नाही. पिशवीवरचं एक अक्षर चुकीचं होतं, आणि ते कुठल्याच लायब्ररीने पोराला सांगितलं नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे. पहिले पंधरा दिवस पायथॉन नको, लायब्ररी नको. पोराने बसशी हाताने बोलावं: कोण हजर आहे, तू कोण, तुझ्या या रजिस्टरमध्ये काय आहे. कोड त्यानंतर.

धुळे_एम्बेडेड

दादा, तुमचा अनुभव पटला, क्रम पटला नाही. ही साधनं नवख्या हातात द्यायची नाहीत. चिपमध्ये लिहिणाऱ्या आयटूसी-सेटच्या माहितीपानावरच लिहिलंय की संगणकाच्या मेमरीच्या पट्टीवर ५० ते ५७ या पत्त्यांवर ईईप्रॉम (वीज गेली तरी माहिती धरून ठेवणारी चिप) असतो, त्यात चुकीचं काही लिहिलं गेलं तर पट्टी निकामी होऊ शकते आणि मशीन सुरूच होणार नाही. नुसता शोध घेणंही नेहमी सुरक्षित नसतं. आयबीएमच्या बऱ्याच थिंकपॅड लॅपटॉपमध्ये एटमेलचा एटी२४आरएफ०८ ईईप्रॉम होता, आणि ‘क्विक राइट’ पद्धतीने चाचपणी केली की त्यातली माहिती बिघडायची. हेही माहितीपानावरच आहे.

आणि पोरं काय शिकतात? ‘-वाय’. कमांड थांबून विचारते की खरंच करू का, आणि सगळे जण पहिल्या दिवसापासून तो प्रश्न बंद करून टाकतात. जो इशारा वाचायची गरज आहे, तोच आपण त्यांच्या डोळ्यांसमोरून काढून घेतो.

सावदा_वर्कशॉप

‘-वाय’बद्दल तुमचं बरोबर आहे, मीही तेच शिकवत आलो. ते बदलतो. पण पायच्या बस १ वर आपण जोडलं तेवढंच असतं, मेमरीची पट्टी तिथे नाही. आणि पहिल्या पंधरा दिवसांत मी फक्त वाचायला लावतो, लिहायला नाही.

धुळे_एम्बेडेड

वाचणं म्हणजे निर्धोक, हाही गैरसमज आहे. वाचायच्या आधी रजिस्टरचा नंबर बसवर लिहावाच लागतो, आणि काही चिप त्या व्यवहाराला लेखन समजतात. काहींमध्ये स्टेटस रजिस्टर नुसतं वाचलं तरी त्यातला झेंडा (काही घडल्याची खूण) पुसला जातो. डेटाशीट न वाचता कमांड मारायची सवय लागली तर ती पुढे सुटत नाही.

अमळनेर_लॅबताई

मी शिकवते, म्हणून बोलते. कमांड आणि डेटाशीट वेगळी काढता येत नाहीत, कमांडच डेटाशीट उघडायला लावते. गेल्या मे महिन्यात लॅबमध्ये एलएम७५ हा तापमानाचा सेन्सर लावला होता. पत्ता ४८, रजिस्टर ०, वर्ड (दोन बाइट एकत्र) म्हणून वाचलं. आलं ८०२सी. मुली गोंधळल्या. एवढं तापमान असतं का! मग डेटाशीट काढलं. सेन्सर मोठा बाइट आधी पाठवतो, आणि एसएमबसच्या (या कमांडी वापरतात त्या नियमांच्या) वर्डमध्ये लहान बाइट आधी धरतात. उलटवा: २सी८०. २सी म्हणजे ४४, आणि ८० म्हणजे अर्धा अंश. साडेचव्वेचाळीस. खिडकीबाहेर बघितलं तर आमच्याकडचा मे तसाच होता.

लायब्ररीने ४४.५ थेट दिलं असतं आणि बाइटचा क्रम कुणाला कळलाच नसता. धुळ्याच्या भाऊंची भीती खरी आहे, पण तिच्यामुळे शिकण्याची ही जागा मी बंद करणार नाही. मर्यादा मात्र सांगते. एसएचटी३१ या आर्द्रतेच्या सेन्सरला दोन बाइटची आज्ञा द्यावी लागते, तिथे आयटूसी-गेट पुरत नाही, आयटूसी-ट्रान्सफर लागतं. बीएमई२८०चा कच्चा आकडा तर कॅलिब्रेशनचे गुणक लावल्याशिवाय निरर्थक. तिथे कोड हवाच.

चोपडा_ठिबक

तुम्ही सगळे टेबलावर बसून बोलताय. माझं काम मळ्यात आहे. एका शेतकऱ्याकडे मातीतल्या ओलाव्याचा सेन्सर दहा मीटर वायरीवर आयटूसीने जोडलेला होता. सकाळी गेलो, डिटेक्ट मारलं, पत्ता दिसला. सगळं ठीक म्हणून घरी आलो. रात्री फोन आला, आकडे बंद. परत गेलो, परत पत्ता दिसला. तीन चकरा झाल्या. शेवटी दर दहा सेकंदांनी वाचून प्रत्येक चूक वेळेसकट लिहून ठेवणारा प्रोग्राम लावला. थ्री फेज लाइट आली आणि विहिरीवरची मोटार सुरू झाली की चुका सुरू, मोटार बंद की चुका बंद.

आयटूसी ही एका बोर्डावरच्या चिपांसाठी फिलिप्सने १९८२ मध्ये काढलेली बस. तिच्यावर कपॅसिटन्सची ४०० पिकोफॅरडची मर्यादा आहे, लांब वायर ती खाऊन टाकते. आता तिथे आरएस-४८५ या लांब वायरीच्या जोडणीवर मॉडबस पद्धतीने बोलणारा सेन्सर बसवलाय, नीट चालतोय. पण मुद्दा असा की कमांड त्या एका क्षणाचं सांगते, आणि शेतातला बिघाड तुम्ही उभे असताना येत नाही.

सावदा_वर्कशॉप

भाऊ, हे मानलं. पण तीच आयटूसी-गेटची ओळ शेलच्या लूपमध्ये टाकली, तारीख-वेळ जोडली आणि फाइलीत सोडली, तर रात्रभराची नोंद मिळते.

चोपडा_ठिबक

मग तो प्रोग्रामच झाला ना, दादा.

सावदा_वर्कशॉप

झाला. पण त्यातली प्रत्येक ओळ पोराने आधी हाताने मारलेली असते. फरक मला तिथेच वाटतो. आणि आता आरएस-४८५वरही तेच करा. एमबीपोल या मॉडबसच्या कमांडने आधी एक रजिस्टर वाचा, सॉफ्टवेअर मागाहून.

डिप्लोमा_फैजपूर

दादा, तो बीएमपीवाला मुलगा मीच. तुमचा मान ठेवून एक सांगतो. ते दोन दिवस वाया गेले नव्हते. पहिली लायब्ररी ‘सेन्सर सापडत नाही’ का म्हणते म्हणून मी तिची फाइल उघडून वाचली होती. तिच्यात डी० वाचून ६० आहे का हे तपासलेलं होतं. ते काय आहे हे तेव्हा कळलं नाही, पण तुम्ही डी० टाइप केलं तेव्हा मला लगेच ओळखू आलं. आधी नुसती कमांड दिली असती तर डी०च का, हे मी विचारलंही नसतं. मला वाटतं दोन्ही शेजारी-शेजारी ठेवून शिकवा.

एक शंका पण आहे. डीएस३२३१ घड्याळ लावलंय. ५७ वर त्याच मॉड्यूलवरचा ईईप्रॉम दिसतो, पण ६८ च्या जागी आकड्याऐवजी ‘यूयू’ येतं. सेन्सर खराब आहे का?

धुळे_एम्बेडेड

खराब नाही. ६८ हा पत्ता कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) ड्रायव्हरने धरून ठेवलाय, म्हणून कमांड तिथे चाचपणीच करत नाही. वेळ वाचायची तर एचडब्ल्यूक्लॉक ही कमांड वापर. कुणी सांगेल की ‘-एफ’ लावलं की जबरदस्तीने वाचता येतं. येतं, पण ड्रायव्हर आणि तू एकाच चिपवर एकाच वेळी जाल. करू नकोस. रजिस्टर बघायचीच असतील तर आधी ड्रायव्हर उतरव, मग बघ, आणि त्या वेळी ‘-वाय’ न लावता.