फीमाफीवर इंजिनिअरिंगला आले, पण खोलीचा खर्च आणि इंग्रजीतली व्हायवा (तोंडी परीक्षा) जड जातेय. मदत हवी आहे

नमस्कार. मी राळेगाव तालुक्यातली (जि. यवतमाळ). दहावीपर्यंत मराठी माध्यम. यंदा कॅप राउंडमधून (सरकारी केंद्रीय प्रवेश फेरी) अमरावतीला इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला नंबर लागला. घरी कोरडवाहू शेती, कापूस आणि तूर. आम्ही ओबीसी. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना 2024-25 पासून शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं, म्हणून बाबा पाठवायला तयार झाले. नाहीतर यवतमाळला बीएस्सी ठरल्यातच जमा होतं.

पण माफी फक्त फीची. होस्टेलच्या यादीत नाव आलं नाही, म्हणून मैत्रिणीसोबत खोली केली. भाडं, मेस, ड्राफ्टर (ड्रॉइंगचं साधन), एप्रन सगळं घरून. होस्टेल न मिळालेल्यांना राहण्या-जेवणासाठी पैसे देणारी सरकारची सावित्रीबाई फुले आधार योजना आहे, तिच्यात अमरावतीसाठी वर्षाला 51,000 रुपये आहेत, पण त्याला भाडेकरार लागतो आणि घरमालक म्हणतात, "कागदाचं काही सांगू नको, राहायचं तर राहा."

याहून जास्त त्रास व्हायवाचा होतो. सरांनी विचारलं, डायोड एकाच दिशेनं करंट का जाऊ देतो? फॉरवर्ड बायसमध्ये (बॅटरी सुलट जोडली की) डिप्लिशन लेयर, म्हणजे डायोडमधला करंट अडवणारा पट्टा, अरुंद होतो, रिव्हर्समध्ये (उलट जोडली की) रुंद होतो, हे मला पक्कं माहीत. तोंडातून "सर, डिप्लिशन लेयर..." एवढंच निघालं. शेजारच्या मुलीनं तेच उत्तर इंग्रजीत दिलं. वर्गात शंका विचारायला वाक्य जुळवते, तोवर सर पुढच्या स्लाइडवर गेलेले असतात. घरी सांगत नाही, आई लगेच परत ये म्हणेल. मला परत जायचं नाही.

मराठी माध्यमातून येऊन पहिलं वर्ष काढलेल्यांनी सांगा, बोलायचा सराव कसा केला? आणि भाडेकराराचं काय करू?

प्रतिसाद:
बहिणी, मी वाशीमकडची, आता तिसऱ्या वर्षाला आहे. एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद) ई-कुंभ पोर्टलवर पहिल्या वर्षाची मराठी पुस्तकं फुकट मिळतात. धडा आधी मराठीत वाच, मग इंग्रजीत. प्रत्येक प्रॅक्टिकलला येऊ शकणारे प्रश्न काढ आणि उत्तर तीन छोट्या वाक्यांत लिहून रूममेटसमोर मोठ्यानं बोल. मनात वाचून काही होत नाही, जिभेला सवय लागली पाहिजे. व्हायवात अडलीस तर सरळ आकृती काढून दाखव, बहुतेक सर ऐकून घेतात.

घरमालकांना खोली अडकून पडायची धास्ती असते. त्यांना 11 महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार (यात राहणाऱ्याला खोलीवर हक्क मिळत नाही) दाखव, खर्च आम्ही करतो म्हण. तरी नाही म्हणाले तर इतर मागास बहुजन कल्याण विभागाच्या सहायक संचालक कार्यालयात जाऊन विचार. आधार योजनेची निवड गुणवत्तेवर होते, त्यामुळे बारावीची मार्कशीट सोबत ठेव. बँक खात्याला आधार कार्ड जोडलेलं आहे ना, तेही बघून घे. हजेरी 75 टक्क्यांखाली जाऊ देऊ नको.

तुझी ब्रँच कोणती? इलेक्ट्रॉनिक्स असेल तर माझ्या वह्यांचे फोटो टाकते.